हजेरीतलं नाव

लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी मी मुक्त विद्यापीठात बी.ए.ला नाव घातलं, तेव्हा आमचं निम्मं कॉलेज रेडिओत होतं. पोखर्णीच्या रस्त्यावरचं आमचं गाव. सकाळी पाठ लागायचा आणि मी भाकरी थापत तो ऐकायचे. प्राध्यापकांचा आवाज संथ, थोडा खर्जातला. चुलीच्या धुरात डोळे मिटले की तो कुठून येतो तेच कळेनासं व्हायचं. भिंतीतून, पिठातून, कधी माझ्याच आतून आल्यासारखा वाटायचा. परका पुरुष घरात बोलतोय म्हणून आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, डोक्यावरचा पदर सारखा करून बसायच्या. मला हसू यायचं, पण पदर मीही सावरायचेच.

उरलेलं निम्मं कॉलेज रविवारी परभणीत भरायचं. त्या तासांना हजेरी लागली नाही तर परीक्षेला बसता येणार नव्हतं, आणि सुनेनं दर रविवारी एकटीनं यष्टीनं जावं की नाही, हे आत्याबाई ठरवणार होत्या. "आदी मी बघते काय हाय त्ये," म्हणाल्या, आणि पहिल्या रविवारी चक्क माझ्यासोबत येऊन शेवटच्या बाकावर बसल्या.

वर्गात तोच आवाज निघाला. समोर मात्र एक बुटके, घामेजलेले गृहस्थ उभे. मी डोळे मिटून घेतले. भाकरीचा वास तेवढा नव्हता, बाकी सगळं घरच्यासारखं. हात आपोआप बाकावर थापायला लागले. आवाज एकेक नाव घेत होता. एक नाव त्यानं दोनदा घेतलं. किती गोड नाव आहे, मला वाटलं, कुण्या लहान मुलीचं असावं. "गैरहजर," म्हणून तो पुढं सरकला आणि माझे डोळे खाडकन उघडले. ते माझंच नाव होतं. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं नवं नाव लिहिलं गेलं, तेव्हापासून जुनं फक्त शाळेच्या दाखल्यावर उरलं होतं. मी धडपडत उठून "हजर" म्हणाले. सगळा वर्ग हसला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आता आत्याबाई कशाच्या पाठवतात.

परतीच्या यष्टीत त्या खिडकीशी बसल्या. बाहेर कापूस फुटला होता आणि उन्हात सगळं रान पांढरं, धूसर दिसत होतं.

"त्ये तुजं म्हायेरचं नाव व्हय?"

"हो."

"मग ओ कामून दिली न्हाईस?"

"माझं हाय हे ध्यानातच आलं न्हाई, आत्याबाई."

त्यांनी खिडकीकडं तोंड केलं आणि अगदी हळू एक नाव उच्चारलं. इतकी वर्षं त्या घरात राहून मी ते कधीच ऐकलं नव्हतं.

"माजं," त्या म्हणाल्या. "या नावानं हाक मारनारं आता कुनी ऱ्हायलं न्हाई. फुडल्या आइतवारी तू एकटी जा. अन् पैल्या हाकेलाच ओ दे."