काकांचा हात

भिवंडीतल्या एका फोटो स्टुडिओत मी लग्नांच्या सीडी तयार करायचे. शूटिंग मालक स्वतः करत. साठीचे होते, सगळे त्यांना काका म्हणत. त्या वर्षी त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. सांगायची माझी हिंमत झाली नाही. मी गुपचूप कॉम्प्युटरवर हलतं चित्र स्थिर करायचे. एका लग्नाला अख्खा दिवस जायचा, मध्येच लाइट गेली की पुन्हा पहिल्यापासून. फारच हलत असेल तिथं वेग निम्मा करायचे, संथ चित्रात थरथर कमी जाणवते. संध्याकाळी डोळे चुरचुरायचे, घरी कुणाशी बोलावंसं वाटायचं नाही.

चित्र स्थिर करताना त्याच्या कडा थोड्या कापल्या जातात. त्यातच मी सापडले.

मे महिन्यात काल्हेरची एक बाई मुलीच्या लग्नाची सीडी घेऊन आली. "माझा भाऊस कुठं हाय यात? मंगलाष्टकांना पोरीचे मागं उभा व्हता. नुसता खांदा दिसतंय, तोंड न्हाय!"

"मी घेतलंय त्यांना," काका म्हणाले आणि माझ्याकडे वळले. "मूळ टेप लाव गं."

लावावीच लागली. मामा पूर्ण दिसत होते, अगदी फेट्यासकट. पण मामा, नवरी, अंतरपाट, सगळा मांडवच लटलटत होता.

"हाय की!" बाई खूश झाली. "हाच द्या मला." हललेलं तिला दिसलंच नाही.

ती गेल्यावर काकांनी विचारलं, "कधीपासून करतेयस हे?"

"तुळशीच्या लग्नापासून."

"अगं, सीडी बघून मला वाटायचं हात सुधारतोय. म्हणून डॉक्टरकडे गेलो नाही मी."

आपण त्यांना सांभाळतोय, असंच मी समजत होते.

पुढच्याच आठवड्यात ते ठाण्याला दाखवून आले. गोळ्यांनी थरथर थोडी कमी झाली, थांबली नाही. कॅमेरा त्यांनी दुसऱ्या माणसाकडे दिला आणि स्वतः काउंटरवर बसू लागले. माझ्यावर ते कधी चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं.

नवा माणूस चालत चालत शूटिंग करायचा. त्याचंही चित्र हलायचं. पहिल्याच दिवशी मी त्याला बोलावून मूळ टेप दाखवली, आणि मग कामाला लागले.