बोलणं चौथं आहे

"आवाज जाएगा पंडितजी, आदमी बच जाएगा." डॉक्टर एवढंच बोलले आणि पाणी प्यायले. समोर माझे यजमान बसलेले, चाळीस वर्षं वेदपाठशाळेत मुलांना मंत्र म्हणायला शिकवणारे. शेजारी मी. मला त्या डॉक्टरांचा पाण्याचा ग्लास आजही डोळ्यांपुढे दिसतो आणि आजही राग येतो, त्यांचा काही दोष नसताना.

बायोप्सीचा रिपोर्ट आला होता. बायोप्सी म्हणजे घशातला बारीक तुकडा काढून तपासतात. स्वरयंत्राचा कॅन्सर निघाला, आणि बराच पुढे गेलेला. उपाय 'टोटल लॅरिंजेक्टमी', म्हणजे स्वरयंत्र पूर्ण काढून टाकायचं. मग श्वास नाकातोंडानं नाही, गळ्याला पाडलेल्या भोकातून घ्यायचा. त्या भोकाला स्टोमा म्हणतात, आणि ते जन्मभर तसंच राहतं.

तुमच्या घरात कुणाचा आवाज तीन आठवड्यांच्या वर बसलेला असेल तर आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे जा, मग हे वाचा. आमच्याकडे काय झालं ते सांगते. आम्ही रामघाटावरची मराठी माणसं, पिढ्यान् पिढ्या बनारसमध्ये. इथल्या वैदिकांचा घसा बसणं म्हणजे काही नवल नाही. ज्येष्ठमध चघळायचं, हळदीचं दूध घ्यायचं, आणि तरी नाही सुटला तर मौन धरायचं. ह्यांनी अख्खा चातुर्मास मौन धरलं. पाठशाळेतले, घाटावरचे, सगळे धन्य धन्य करत होते, गुरुजींची तपश्चर्या म्हणून पाया पडत होते. आत गाठ मजेत वाढत होती आणि आवाज बिघडतोय हे कळायला कुणाच्या कानावर आवाजच पडत नव्हता. कार्तिकी पौर्णिमेला मौन सोडलं तेव्हा तोंडातून नुसती घरघर आली.

वर नातेवाईक. फोनवर पहिला प्रश्न एकच, जर्दा खात होते का? ह्या माणसानं उभ्या जन्मात साधं पान खाल्लं नाही, बनारसमध्ये राहून. डॉक्टर म्हणाले, तंबाखू मोठं कारण आहे खरं, पण न खाणाऱ्यालाही होतो. हे मी किती जणांना समजावणार? शेवटी एकीला म्हटलं, हो, चोरून खायचे. तिचं समाधान झालं.

आता एका मंत्राचं सांगायला हवं. हे रोज सकाळी सूर्यासमोर उभं राहून तो म्हणत. अर्थ साधा आहे. हा तेजस्वी डोळा समोर उगवतोय, आम्ही शंभर शरद पाहू, शंभर शरद जगू, शंभर शरद ऐकू, शंभर शरद बोलू, शंभर शरद अदीन राहू, म्हणजे कुणापुढे लाचार न होता. मुंज झाल्यापासून एक दिवस चुकला नाही. आमच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी घरभर पाहुणे झोपलेले असताना म्हटला. सासूबाई गेल्या तेव्हा सुतकात मोठ्यानं म्हणता येत नाही म्हणून मनातल्या मनात म्हटला. आमची मुलगी चित्रा लग्न होऊन रामनगरला गेली त्या सकाळीही म्हटला, आणि एक स्वर सुटला नाही. संसारात काहीही उलटंपालटं होवो, ह्यांचं त्या मंत्रावर भागायचं.

आणि त्याच मंत्रापायी हे ऑपरेशनला नाही म्हणाले. हॉस्पिटलच्या बाकावर आम्ही सहीसाठी बसलो होतो. चित्रा रडकुंडीला येऊन हिंदीतच सुरू झालेली, बाबा प्लीज, मान जाइए. हे माझ्याकडे वळून फाटक्या आवाजात म्हणाले, "रोज बोलणं मागतो मी. ते स्वतःच्या सहीनं देऊन टाकू?"

माझं डोकं फिरलं. म्हटलं, "बोलणं चौथं आहे. पाहणं, जगणं, ऐकणं त्याच्या आधी मागता तुम्ही. चौथ्यासाठी पहिली तीन सोडता?"

आमच्याकडे बायकांना वेद शिकवत नाहीत, म्हणण्याचं तर नावच नको. "तुला येतो?" हे म्हणाले.

"येणार नाही तर काय? स्वयंपाकघर काय गंगेपल्याड आहे?"

त्यांनी सही केली. हार मानून नव्हे, वादसभेत समोरच्याचा मुद्दा मान्य करावा तशी.

ऑपरेशन नीट झालं. नाकातून नळी घालून दूध आणि पातळ पेज. स्टोमातला कफ यंत्रानं ओढून काढायचा, त्याला सक्शन म्हणतात, ते मी शिकले. भोकावर कायम ओलसर फडकं हवं, नाहीतर आत धूळ जाते. माणूस रडला तरी आवाज येत नाही, म्हणून सारखं तोंडाकडे बघत राहायचं. हे कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगतेय.

घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "गंगाजी में डुबकी अब कभी नहीं. पानी सीधा फेफड़े में जाएगा." आवाज गेल्याचं ह्यांनी सोसलं होतं, हे नाही सोसलं. भिंतीकडे तोंड करून निजले. काशीत जन्म काढायचा आणि गंगेत बुडी मारायची नाही! कुणाचं काय वाकडं केलं होतं ह्यांनी?

पाठशाळेनं सत्कार ठेवला. शाल दिली, नारळ दिला, आणि गुरुजींचं मौन हाच आता आमचा वेद, असं एकानं भाषण ठोकलं. दुसऱ्या दिवसापासून ह्यांच्या जागी नवे गुरुजी. तो नारळ मला तिथेच आपटावासा वाटला होता. घरी आणून चटणी केली.

आमच्या शाखेत मंत्र म्हणताना उजव्या हातानं स्वर दाखवतात. स्वर चढला की हात वर, उतरला की खाली, मधे आडवा. घरी आल्यावर हे गच्चीत उभे राहून नुसत्या हातानं मंत्र म्हणू लागले. पाहू, जगू, ऐकू इथपर्यंत हात चालायचा. चौथ्याशी थांबायचा आणि खाली पडायचा. पाचवं, ते अदीन राहणं, तेही राहून जायचं. हॉस्पिटलनं गळ्याला लावून बोलायचं एक यंत्र दाखवलं होतं. त्याचा घोगरा आवाज ऐकून ह्यांनी ते खणात टाकलं. मग हळूहळू हात उचलणंही बंद झालं, जेवणाचं ताट तसंच परत येऊ लागलं, वजन उतरलं. डॉक्टर म्हणाले, जखम उत्तम आहे, आता ह्यांचं मन सांभाळा. कसं ते काही म्हणाले नाहीत.

मला त्या मंत्राचा संताप आला होता. इतकी वर्षं मागून हे पदरात पडलं? तरी एका सकाळी मी ह्यांना हाताला धरून रामघाटाच्या पायऱ्यांवर नेलं, कारण दुसरं काही उरलं नव्हतं. घोट्याएवढ्या पाण्यात उभं केलं. पलीकडच्या रेतीवर सूर्य वर आला. पुष्कळ वेळानं हात उठला. पाहू. जगू. ऐकू. थांबला.

चौथं मी म्हटलं. मोठ्यानं, सगळ्या घाटासमोर, लुगड्याचा काठ ओला झालेला. शेजारचे दोन शास्त्री अर्घ्य सोडायचे थांबले. एकानं तोंड फिरवलं. फिरवू दे.

ह्यांनी माझं मनगट धरलं. मला वाटलं, आता डोळ्यांत पाणी येईल ह्यांच्या. कसलं काय! मनगट खाली ओढलं. जिथे स्वर उतरायचा तिथे मी चढवला होता. बोटानं खूण केली, पुन्हा. पुन्हा म्हटलं, पुन्हा चुकलं. जमेपर्यंत सोडलं नाही. मग पाचवं त्यांनी स्वतःच्या हातानं पूर्ण केलं आणि घरी येऊन वाटीभर खिचडी मागून घेतली.

मी काही शांत झालेली नाही. घाटावरून येताना पाठशाळेचे ते शालवाले दिसले की मी अजून रस्ता बदलते. ह्यांची श्रद्धा कशी टिकली ते मला विचारू नका, मला कळलेलं नाही. आम्ही रोज पाण्यात उभे राहतो. पहिल्या तिन्हींना आणि पाचव्याला त्यांचा हात चालतो, चौथ्याला माझा आवाज. आज सकाळीही त्यांनी माझी चूक काढली.