वकीलसाहेबांचं दुसरं वकीलपत्र

"नायगारा नको, मला वकीलसाहेबांचं कोर्ट दाखव," बाबांनी नागपूरहून निघण्याआधीच फोनवर बजावलं होतं. वकीलसाहेब म्हणजे एकोणिसाव्या शतकातले अमेरिकेतल्या इलिनॉय राज्याचे एक वकील, पुढे काँग्रेसमध्ये, म्हणजे तिथल्या संसदेत, निवडून गेलेले. पळून आलेल्या एका गुलाम बाईला त्यांनी कोर्टातून सोडवलं, ही गोष्ट बाबा तीस वर्षं चौदा एप्रिलला जयंतीच्या भाषणात सांगत आलेत. ती ऐकून वस्तीतले चौघे वकील झाले. बाबाही त्यांच्याच नादाने झालेले.

नोव्हेंबर २००६. नेपरव्हिलच्या माझ्या घरून पंचावन्न नंबरच्या हायवेने दक्षिणेला अडीच तास. टोल नाही, पण वाटेत बर्गरशिवाय काही मिळत नाही, पोळी-भाजी बांधून घ्या. दोन्हीकडे कापलेला मका, वर राखाडी आभाळ. या दिवसांत उगाच उदास वाटतं.

जुन्या कोर्टात आता म्युझियम आहे. तिकीट तीन डॉलर. पायरीवर बाबांनी बूट काढले, विहारात काढतात तसे.

"बाबा, फ्रीझिंग आहे, शूज घाला ना प्लीज!"

"राहू दे पोरी."

म्हाताऱ्या गाइडबाईंनी कौतुकाने सगळं दाखवलं. वकीलसाहेबांचं टेबल, चष्मा, त्या बाईच्या सुटकेचा कागद. शेजारीच दुसरा कागद होता. दोन वर्षांनी वकीलसाहेबांनी एका गुलाममालकाचं वकीलपत्र घेतलं होतं. एक आई आणि तिची तीन लेकरं त्यांनी मालकाला परत मिळवून दिली.

"त्यानंतर ते काँग्रेसमध्ये गेले," गाइडबाई म्हणाल्या, आणि पुढच्या खोलीकडे वळल्या.

बाबांनी तो कागद दोनदा वाचला. इतक्या लांब आणून मीच त्यांची श्रद्धा मोडली, असं वाटून मला रडू येत होतं.

गाडीत मी म्हटलं, "बाबा, प्रोफेशन आहे ते. केस रिफ्यूज करता आली नसेल."

"करता येते," एवढंच बोलले.

घरी आल्यावर जेवताना म्हणाले, "मीपण घेतली होती एक. मालगुजाराची, गावच्या जमीनदाराची. आपलेच लोक होते समोर, त्यांची जमीन गेली. जिंकलो मी."

"कधी?"

"तुझी इंजिनिअरिंगची ॲडमिशन झाली, त्या वर्षी."

ट्रिप कशी झाली, असं ऑफिसात विचारतात. गाव छान आहे, म्हणते. जरूर जा. बाबा परत गेले. यंदा जयंतीला भाषण करणार नाहीत म्हणे.

जमीन गेलेल्या त्या लोकांची नावं मी विचारली नव्हती. बाबांनीच सांगितली, सात जणांची, एका दमात. त्यातल्या एकाच्या मुलीशेजारी मी बारावीपर्यंत बसले होते. पुढे ती कॉलेजात दिसली नाही आणि मला त्याचं कधी नवलही वाटलं नाही.