रेकॉर्ड अडकायची ती ओळ

आत्मा, संकेत, पलीकडचं जग... यातलं मी काहीच मानत नाही. माझ्या प्रत्येक कामाची यादी असते, आणि यादीत न बसणाऱ्या गोष्टींवर मी वेळ घालवत नाही. हा प्रसंग मात्र कुठे बसवावा कळेना, म्हणून इथे लिहितेय.

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. नागपूरला मानेवाड्यात आईबाबांचं पहिल्या मजल्यावरचं घर. बाबा गेल्यापासून आई तिथे एकटी. गुडघ्यांमुळे तिला जिना जमेना. माझ्या फ्लॅटमध्ये यायला ती तयार होती, पण बाबांच्या रेकॉर्ड्स घेऊनच... आणि कपाटभर रेकॉर्ड्सना माझ्याकडे जागा नव्हती. शेवटी "गिऱ्हाईक तं पाहू दे" इथवर ती आली.

रविवारी सकाळी नागपूरजवळच्या वाडीहून एक जुन्या रेकॉर्ड्सचा व्यापारी छोटा प्लेअर घेऊन आला. आईने त्याला तर्री घातलेले पोहे दिले आणि लगेच झापलं, "हात धू गा आधी! तर्रीच्या हातानं रेकॉर्ड धरून राहिला."

"धुतो ना मावशी. तुम्ही तं पोरगी देऊन राहिल्यासारख्या करता!"

नीट ऐकू यावं म्हणून त्याने कूलर बंद करायला लावला आणि एकेक रेकॉर्ड वाजवून बघू लागला. आईच्या आवडीचं भावगीत लागलं तेव्हा मी म्हटलं, "दुसऱ्या कडव्यात अडकते. सुई उचलावी लागेल." तिथे खोल ओरखडा आहे. बाबा दर वेळी सुई उचलायचे, राहिलेली ओळ शेवटचा शब्द ओढून स्वतः म्हणायचे आणि सुई पुढे टेकवायचे. आमच्या घरात ते गाणं असंच ऐकलं जायचं.

ओरखडा आला. व्यापाऱ्याचा हात तयारच होता. पण सुई अडकली नाही. ती ओळ आली — पुरुषाच्या आवाजात, जराशी बेसूर, शेवटचा शब्द ओढून. मग पुन्हा गायिका.

"ताई, डुएट हाय काय हे?" त्याने लेबल पाहिलं. "इथं तं एकाच बाईचं नाव हाय."

मी पुन्हा लावायला सांगितलं. अडकली. परत लावली... अडकली.

आई शेजारी लसूण सोलत बसली होती. "ही एक ठेवू या का?" मी विचारलं.

"काहून? ओळ म्हणून झाली ना त्याइची." मग व्यापाऱ्याकडे वळून, "ने गा. सगळ्या ने."

त्याच आठवड्यात ती माझ्याकडे आली.

नंतर मी व्यापाऱ्याला फोन केला. रेकॉर्ड तिथेच अडकते म्हणाला, पण तो आवाज त्यालाही आठवतो. फक्त मी किंवा आईने ऐकलं असतं, तर भास म्हणून सोडून दिलं असतं. पण बाबांना कधी न भेटलेल्या माणसानेही ऐकलं.