बाईच्या चित्राची पावडर आणि माझी जोडवी

मी दुसरीपर्यंत शाळेत गेलेली. डब्यावरचं नाव वाचता यायचं तेवढ्यावर, पण डब्यात काय आहे ते कळायला मला आठ दिवस लागले.

कळव्याला आमचं घर. मालक, म्हंजे माझा नवरा, मिठागरावर कामाला होते, लग्नाच्या आधीपासून. स्वातंत्र्य मिळून दोन-तीन वर्षं झाली असतील, तेव्हा त्यांना खोकला लागला. अडुळशाचा काढा झाला, हळद-गूळ झाला, देवाला नारळ झाला. मग एक दिवस रक्त पडलं. सरकारी दवाखान्यातला डॉक्टर म्हणाला, छातीचा आजार आहे, इंजेक्शनं घ्यावी लागतील, मधेच सोडलीत तर मला दोष देऊ नका. दूध द्या, अंडी द्या. आणि पाण्यात उभं राहायचं काम बंद. मिठागर बंद झालं म्हंजे घरात येणारं सगळंच बंद झालं. खाटेवर ते, आणि कमवायला मी नायतर सासू. पदरी मूल नव्हतं.

ठाण्याला खाडीच्या अंगाला एक शेड होती, तिथं बायका घेतात असं कळलं. पूल चालत ओलांडून गेले. मुकादमानं पहिलं सांगितलं, हात दाखव. मला वाटलं ताकद बघतोय. तो जखमा बघत होता. मालकांच्या जोडीनं मीठ उचलून माझ्या हातांना भेगा पडलेल्या.

"या हातांनी पावडर भरशील तर बोंबलत घरी जाशील," तो बोलला. "भेगा भरेपर्यंत कागद चिकटव."

म्हणून आधी मी डब्यांवर कागद चिकटवायला बसले. कागदावर एका बाईचं चित्र, एक हात वर केलेला, गोरागोरा. वर नाव. मला वाटलं तोंडाला लावायची पावडर असेल. पण वास तसा नव्हता. कोरडी होती तोवर गुलाबाचा वास यायचा आणि जरा ओल लागली की सडक्या अंड्याचा.

शेजारी कल्याणहून येणारी एक बाई बसायची, माझ्यापेक्षा मोठी, तोंडानं फटकळ. तिला मी विचारलं, "ही लावतात तरी कुठं?"

"अगं, केस घालवायची पावडर ही. पाण्यात कालवायची, हातापायाला थापायची, जराशानं पुसली की केस साफ."

"कुणाचे केस?"

"मोठ्या घरच्या बायकांचे. त्या पैसे देतात. आपले बघ फुकटात जातात." असं म्हणून तिनं आपला हात पुढं केला. सोललेल्या कोंबडीसारखा गुळगुळीत. सगळ्या हसल्या, मीपण हसले.

महिन्याभरात भेगा भरल्या आणि मी पावडर भरायला लागले. नाकाला फडकं बांधायचं, चमच्यानं डबा भरायचा, झाकण ठोकायचं. घरी सांगितलं, पावडरचा कारखाना आहे. सासूनं कसली ते विचारलं नाय, मी सांगितलं नाय. मालकांना वास कळायचा. हसायचे आणि म्हणायचे, "अंड्याचा वास तू आणतेस, आता अंडं तेवढं आयला आणू दे." इंजेक्शनं चालू होती. ताप कमी झालेला. भाकरी मागून खायचे.

मग माझी जोडवी काळी पडायला लागली.

आधी पिवळट, मग तपकिरी, मग तव्याच्या बुडासारखी. शेडमधे सगळ्यांचीच तशी होती. कल्याणवाली बोलली, "इथल्या हवेत चांदी टिकत नाय. सोन्याला काय होत नाय." सोनं होतं कुणाकडं? संध्याकाळी निघताना बायका राखेनं जोडवी घासून मगच घरी जायच्या. मीपण घासायची. पण पावसाळा लागला, खाडीवरून भिजत यायचं, कधी राहून जायचं.

एकदा ओटीवर पाय धुवत होते. शेजारची म्हातारी सासूशी बोलत बसलेली. तिची नजर माझ्या पायावर गेली.

"काय गो, सुनेची जोडवी अशी का? पायातली चांदी काळी पडते ती मालकाचं आयुष्य खाऊन पडते. आणि तुझा पोरगा तर खाटेवर."

ती गेली. सासूनं मला आत बोलावलं.

"कसली पावडर भरतेस तू?"

खोटं बोलले नाय. सांगितलं.

सासू हळू बोलली, "केस उतरवायची? केस कधी उतरवतात गो? घरातलं माणूस गेलं की उतरवतात. तेच तू रोज हातानं भरतेस आणि वर जोडवी काळी करून येतेस. उद्यापासून जायचं नाय."

"आय, सोमवारी इंजेक्शन आहे."

"इंजेक्शन नको न् काय नको. माझा पोरगा मला पायजे."

मालकांनी खाटेवरून ऐकलं. "आय, मी काय हिच्या पायाकडं बघून जगतोय काय?" बोलले, आणि त्यांना ढास लागली. ती ढास ऐकून सासूचा निश्चय आणखी पक्का झाला. कामाचं पातळ तिनं पेटीत टाकलं आणि पेटीवर जाऊन बसली.

मी भांडले नाय. तिचा एकच मुलगा राहिलेला. पण तीन दिवस खाडा झाला की मुकादम नाव काढायचा, हे मला माहीत होतं. दाराशी दुसऱ्या बायका उभ्याच असायच्या. आणि इंजेक्शनं मधेच सोडायची नाय, हे डॉक्टरनं मला समोर बसवून सांगितलेलं. पहिला दिवस गेला. मी घर सारवलं, तांदूळ निवडले. सासूची नजर सारखी माझ्या पायांकडं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आपणहून उठली. पेटी उघडली, तळाशी हात घातला आणि एक फडक्याची गाठोडी काढली. सोडली तर आत जोडवी. जुनी, जाड, आताशा करत नाय तशी.

"ही माझी," बोलली. "तुझा सासरा गेला तेव्हा काढली ती सात पावसाळे बांधलेली. रांडावलेल्या बाईची म्हणून तुला दिली नाय. यांनी न्यावा असा मालक आता उरलेला नाय. बघू काय करतात."

माझं कामाचं पातळ तिनं बादलीत भिजत टाकलं. निऱ्यांत, पदरात पावडर बसलेलीच असायची, पाणी लागल्याबरोबर वास सुटला. मालक खाटेवरून बोलले, "आय, आमलेट करतेस काय?" सासूनं लक्ष दिलं नाय. जोडवी आधी चिंचेनं घासून लख्ख केली, मला दाखवली, त्यांना दाखवली, आणि बादलीत सोडली.

मग ती बादलीजवळच बसली. जेवायला उठली नाय. मी भाकरी हातात दिली ती तिथंच खाल्ली. मी तिच्याकडं बघत नव्हते, पण माझं सगळं त्या पाण्यात होतं.

दुपारी तिनं हात घालून जोडवी काढली आणि दारात उजेडाला नेली. काळीकुट्ट. माझ्या पायातल्यांपेक्षा काळी. ती बराच वेळ उलटीसुलटी करून बघत राहिली.

"मेलेला माणूस परत थोडाच मरतो," बोलली. "पाणीच तसलं आहे." मग माझ्याकडं न बघता, "पातळ पिळून वाळत घाल. उद्या जा."

तिसऱ्या दिवशी मी गेले. मुकादम ओरडला, पण नाव होतं.

त्यानंतर जोडवी घासायचं काम सासूनं आपल्याकडं घेतलं. मी संध्याकाळी आले की उंबऱ्याशी करवंटीत राख ठेवलेली असायची. मी पाय पुढं करायची, ती घासायची. मला लाज वाटायची, सासूनं सुनेचे पाय धरायचे म्हंजे काय. "आय, मी घासते." तर बोलायची, "तू डबे भरून आलीस ना? गप बस." शेजारची म्हातारी बघून नाक मुरडायची. सासू तिला बोलली, "तुझी जोडवी आण, तुझीपण काळी करून दाखवते." ती परत त्या विषयावर आली नाय.

मालक पुढं दोन वर्षं जगले. मधे इतके बरे झाले की चालत खाडीपर्यंत जाऊन यायचे, मिठागर लांबून बघायचे. मग खोकला परत आला, आणि या खेपेला त्यानं इंजेक्शनाला दाद दिली नाय.

तेव्हा शेडचं छप्पर बदलायचं म्हणून तीन आठवडे काम बंद होतं. मी घरीच होते, त्यांच्यापाशी. सकाळी पेज पाजत होते, दोन घोट घेतले, तिसरा घेतला नाय.

बायका जमल्या. माझी जोडवी काढायला एकजण पुढं झाली, सासूनं तिला बाजूला केलं आणि स्वतः काढली. तळहातावर घेऊन बघितली. आठवडाभर शेडची हवा लागली नव्हती, घासलेली तशीच होती.

"पांढरी आहेत गो," बोलली. जराशानं परत, "पांढरीशुभ्र आहेत."

मी म्हटलं, "हो आय."

आपल्या जोडव्यांच्या फडक्यातच तिनं माझीपण बांधली.

दिवसकार्य झालं, छप्पर झालं, मी कामाला गेले. मुकादमानं नेहमीसारखे हात बघितले, पायाकडं बघितलं नाय. कल्याणवालीनं माझ्या बाजूची जागा धरून ठेवलेली. दिवसभर माझ्या वाटचे जड डबे तिनं उचलले.

संध्याकाळी घरी आले तर उंबऱ्याशी करवंटीत राख. सासू बाजूला बसलेली. सवयीनं मी पाय पुढं केला आणि दोघींनीपण खाली बघितलं.

ती उठून आत गेली, तवा घेऊन आली आणि त्या राखेनं तवा घासायला लागली. मी पाय धुतले आणि चूल पेटवायला आत गेले.