पायाळूची लाथ

मी पायाळू. जन्मताना पाय आधी आले, त्यामुळे कुणाच्या कमरेत उसण भरली की लहानपणापासून बोलावणं मला. पालथ्या पडलेल्या माणसाच्या कमरेला हलकी लाथ मारायची, की उसण जाते म्हणे. पुढे नेरच्या शाळेत विज्ञान शिकवायला लागले, तरी शेजारणींना कधी नाही म्हटलं नाही. खरं सांगायचं तर तो मान मला आवडायचा.

दादानं कापसाचं गाठोडं उचललं आणि कमरेतून पायापर्यंत कळ गेली. यवतमाळच्या डॉक्टरांनी एमआरआय पाहून सांगितलं, मणक्यातली गादी सरकून नस दबली आहे. आराम करा, पण बसायची जागा बधिर झाली किंवा लघवी अडली, तर त्याच दिवशी या. हे ऐकायला मी शेजारीच होते. तरी आठवड्यानं दादा माझ्या ओसरीत पालथा पडून म्हणाला, "मार बाई एक लाथ." आणि मी काही न विचारता हसत हसत मारली.

दुसऱ्या दिवशी कळ कमी आहे म्हणाला. मी ते शेजारणीला ऐकवलंसुद्धा.

दुपारी त्याला घरी सोडायला स्कूटी काढली. सीट इतकी तापलेली, की मी ओढणीची घडी घालून बसले. दादा पातळ पायजम्यानं तसाच मागे टेकला, हूं की चूं नाही. लघवीला कधी गेला होतास, मी विचारलं. रस्त्याकडे पाहत तो कसंबसं बोलला, की सकाळपासून होतच नाही, आणि बसायची जागा बधिर तर कालपासूनच आहे. बहिणीला असलं काय सांगायचं, म्हणून गप्प होता. मला त्याचा राग आला, माझा त्याहून जास्त.

त्याच संध्याकाळी यवतमाळला ऑपरेशन झालं. नस मोकळी केली, संवेदना किती परत येईल ते सांगता येत नाही, डॉक्टर म्हणाले. माझ्या लाथेनं झालं का, मी विचारलं. तसं नसावं, म्हणाले. वाया गेलेल्या दिवसाबद्दल मात्र काही बोलले नाहीत.

लघवीची नळी अजून आहे. रोज दादाला डोळे मिटायला सांगून मी पायाचं एकेक बोट धरते, त्यानं ओळखायचं. काल अंगठा ओळखला, शेजारचं बोटही ओळखलं. मग डोळे मिटूनच म्हणाला, "लाव ना बाई हात. थांबली काहून?"

मी कधीची त्याची करंगळी दाबून बसले होते.