बावीस सह्या

हिराताई वाचल्याशिवाय कशावरच सही करत नसे. नातवाच्या शाळेची नोटीस असो की रेशनचा फॉर्म, चष्मा लावून शेवटच्या ओळीपर्यंत जायची. "अहो, कलेक्टर व्हायचं होतं तुम्ही!" मी चिडवायचे. "झाले असते, पण झाडू आधी हाती आला," ती म्हणायची.

ती बावीस वर्षं महापालिकेत कायम नोकरीत. मी वासंती, ठेकेदाराकडची. शनिवार पेठेतल्या गल्ल्या आम्ही जोडीनं झाडायचो. हजेरी लागायची कोठीवर, सफाई खात्याच्या चौकीत. तिथं पुरुषांचा संडास उघडा, बायकांच्या संडासाला मात्र कुलूप, आत मुकादमाचं सामान. आम्ही तेवीस जणी दुपारपर्यंत पाण्याचा थेंब घ्यायचो नाही. लघवीला आग व्हायची, तरी कुणी ब्र काढला नाही.

हिराताईनं काढला. 'पुरुषांना जी सोय आहे ती बायकांनाही देणं ऑफिसला बंधनकारक आहे,' असं लिहून अर्ज थेट वर दिला, स्वतःच्या नावानं.

वाटलं, कोंडीराम मुकादम आता कोठी डोक्यावर घेणार. छे! दुसऱ्या दिवशी सगळ्यांना चहा. "हिराताई, बसा ना, पाय दुखत असतील." ज्यानं 'ए' शिवाय कधी हाक मारली नाही, तो मेला असं बोलत होता!

आठवडाभर असाच गोड. मग एका सकाळी हजेरीच्या वहीवर एक सुटा कागद होता. वही आम्ही कधी वाचत नाही. मागं रांग असते, उशीर झाला की खाडा लागतो. नाव दिसलं, सही ठोकली. बावीस जणींनी ठोकली. हिराताई पिशवीत चष्मा शोधत होती, तेवढ्यात त्यानं कागद उचलला. "तुमची राहू द्या."

त्याच दुपारी चौकशीच्या मॅडम आल्या. बायकांचा संडास उघडा, लख्ख धुतलेला. मॅडमनी तो कागद मोठ्यानं वाचला. संडास नेहमीच खुला असतो, हिराताई खोट्या तक्रारी करून बायकांत भांडणं लावते, असं त्यात होतं. खाली आमच्या सह्या.

"हे खरं असेल तर यांना निलंबित करावं लागेल," मॅडम म्हणाल्या.

"मॅडम, यांनी वाचलेलंच नाही," हिराताई म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "वासंते, सांग गं त्यांना."

कोंडीराम दारात उभा होता, माझ्याकडेच बघत. पुढच्या महिन्यात ठेका बदलणार होता आणि नव्या ठेकेदारानं कुणाला ठेवायचं ते तोच सांगणार. माझी मुलगी दहावीला, घरात कमावणारी मी एकटी. लाज वाटते सांगायला.

"वाचूनच केली, मॅडम," मी म्हणाले.

हिराताईची नजर माझ्यावरून मागच्या बायकांकडे गेली.

"आणि बाकीच्यांनी?" मॅडमनी विचारलं.

माझ्यामागे एकवीस जणींनी माना हलवल्या.